मुका की गप्प?

न बोलणाऱ्यासाठी आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. ज्याला वाचाच नाही तो मुका; वाचा असून जो तोंड उघडत नाही तो गप्प. होम थिएटरमधला एखादा स्पीकर वाजेनासा झाला की घरातले त्याला तडकाफडकी मुका ठरवून मोकळे होतात. बिचारा बहुतेक वेळा गप्प असतो. त्याच्या वाट्याला कुणी शब्दच दिलेला नसतो.

मागच्या दोघांवर हा अन्याय सर्वांत जास्त. ५.१ च्या मांडणीत समोर डावा-उजवा, मध्ये संवादांचा, मागे दोन आणि त्या ‘.१’ मधला, खर्ज वाजवणारा सबवूफर. मागचे दोघे म्हणजे नाटकातला जमाव. स्वयंपाकघरात दोन पात्रं हळू आवाजात बोलत असतील तर जमावाला काय काम? पाऊस पडू लागला, डोक्यावरून विमान गेलं की त्यांची पाळी. बातम्या आणि बऱ्याच मालिका मुळात स्टिरिओ, म्हणजे दोनच वाटांनी येतात. जुना कृष्णधवल मराठी चित्रपट तर मोनो, म्हणजे एकाच वाटेचा. तो लावून मागचे का वाजत नाहीत म्हणून चिडण्यात अर्थ नाही. ओटीटीवर भाषेची यादीही बघावी: मूळ भाषेपुढे ५.१ लिहिलेलं असतं आणि डब केलेल्या भाषेपुढे काहीच नसतं, असंही होतं.

म्हणून पहिली परीक्षा चित्रपटाची घेऊच नये. रिसिव्हर म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा मुख्य डबा. त्याच्या स्पीकर सेटअपमध्ये टेस्ट टोन असतो. तो लावला की एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने ‘सूऽऽ’ असा आवाज येतो, शाळेतल्या हजेरीसारखा. सगळ्यांनी ‘हजर’ म्हटलं तर स्पीकर आणि वायर ठणठणीत. गोची पाठवणाऱ्याकडे आहे. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर (म्हणजे आवाज टीव्हीनेच उलगडून पाठवण्यावर) असेल तर एआरसी (एचडीएमआय वायरीतून आवाज रिसिव्हरकडे नेणारी सोय) किंवा ऑप्टिकल वायरीतून साधारणपणे दोनच चॅनल, म्हणजे आवाजाच्या दोनच वाटा, बाहेर पडतात. आवाज न उलगडता रिसिव्हरकडे जावा म्हणून तिथे ‘बिटस्ट्रीम’, ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ निवडावं. रिसिव्हर ‘स्टिरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’ मोडवर नाही ना, तेही बघावं. रिमोटवर कुणाचा तरी अंगठा पडतो आणि आठवडाभर घर दोन स्पीकरांवर चालतं. हेडफोनची पिन खोचलेली राहिली असेल तर सगळेच गप्प. हे इतकं सोपं असतं की शेवटपर्यंत सुचत नाही.

हजेरीत एकच जण गैरहजर निघाला तर आधी सेटअपमध्ये त्याच्यापुढे ‘नन’ (None, म्हणजे स्पीकरच नाही) लिहिलेलं नाही ना, ते पाहा. नसेल तर रिसिव्हर बंद करा, प्लग काढा आणि मागे जा. समजा, मागचा डावा वाजत नाही. मागच्या डाव्या-उजव्याच्या वायरी रिसिव्हरपाशी अदलाबदल करून टोन पुन्हा लावा. खोलीतला तोच स्पीकर अजून गप्प असेल, तर दोष वायरीत किंवा स्पीकरात. तो वाजला आणि उजवा गप्प झाला, तर दोष रिसिव्हरच्या त्या चॅनलमध्ये. पाच मिनिटांच्या या खेळाने निम्मं घर तपासातून वगळता येतं. काही जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये रिलेच्या, म्हणजे स्पीकरची वाट आपोआप जोडणाऱ्या आतल्या खटक्याच्या, संपर्कपट्ट्यांवर काजळी धरते. आवाज खूप वाढवला की तो चॅनल अचानक जागा होतो. असं होत असेल तर रिले बदलून घ्यावा.

बाकी बहुतेक पापं वायरीची. सोफ्याचा पाय, झाडूचा फटका, उंदराचे दात. वायर नीट न सोलता खोचली की स्क्रू तांब्याऐवजी प्लास्टिकच पकडून बसतो. सुमारे १० मिलिमीटर सोलून, केसांसारख्या तारा पिळून घट्ट बसवाव्यात. एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर शॉर्ट होऊन रिसिव्हर ‘प्रोटेक्ट’ म्हणत स्वतःच बंद पडतो. कोकणात समुद्राजवळच्या घरांत उघडं तांबं काळं-हिरवं पडतं. तेवढा तुकडा कापून वायर नव्याने सोलावी.

आणि मुका ओळखायचा कसा? दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलने. वायर रिसिव्हरमधून पूर्ण काढून तिची दोन टोकं सेलला क्षणभरच टेकवायची. ‘टक्’ असं ऐकू आलं तर वायर आणि स्पीकर दोन्ही जिवंत. लाल टोक सेलच्या अधिक बाजूला असताना स्पीकरचा मोठा, थरथरणारा पडदा सहसा बाहेर येतो. एका स्पीकरचा आत जात असेल तर त्याची लाल-काळी उलटी जोडली आहे, मग तो वाजतो पण खर्ज पातळ लागतो. ‘टक्’ आलं नाही तर हीच चाचणी थेट स्पीकरच्या टर्मिनलवर करावी. मल्टिमीटर असेल तर आणखी चांगलं: ८ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) स्पीकर साधारण ६ ओहम दाखवतो. वायर काढूनही आकडा येतच नसेल तर बहुधा आतली कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, तुटली आहे.

सबवूफरला हे नियम लागू नाहीत. त्याच्या पोटात बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे त्याचा दिवा, त्याचा आवाजाचा खटका आणि मागची एकच, गोल पिनेची आरसीए वायर बघायची. ‘ऑटो’वर ठेवलेला सब हळू आवाजात झोपून जातो.

कॉइल खरंच गेली असेल तर नवा संच घेण्याची घाई नको. खोक्यातला स्पीकर स्क्रू काढून पिशवीत घालावा आणि पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठावा. पाठीमागच्या चुंबकावरचे ओहम आणि पडद्याचे इंच जुळवूनच दुसरा घ्यावा, नुसत्या वर्णनावर नव्हे.