मामांना ऐकू आलेला सा

"हे सगळं खरं, पण तुमचा हा सा हलतोय."

आज संध्याकाळी सांगलीत, विश्रामबागेतल्या मित्राच्या घरी, त्याच्या मॉड्युलर सिंथेसायझरच्या (सुटे भाग जोडून केलेल्या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या) नव्या ऑसिलेटरभोवती, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या भागाभोवती, बसून आम्ही तिघे पुढच्या महिन्यात आवाजाचा पोत बदलणारा फिल्टर घ्यावा की स्वर क्रमाने वाजवणारा सीक्वेन्सर, याची तासभर चर्चा करत होतो, तेव्हा मिरजेहून आलेले त्याचे मामा हे म्हणाले. त्यांची हयात तंबोऱ्याची जवारी काढण्यात, म्हणजे घोडीचा माथा घासून तारांचा नाद खुलवण्यात, गेली आहे.

सा खरोखरच हलत होता. या यंत्रात १ व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. त्याचे १२ भाग केले, तर एका स्वराच्या वाट्याला जेमतेम ८३ मिलिव्होल्ट येतात, आणि अॅनालॉग सर्किट गरम होऊन स्थिरावेपर्यंत स्वर थोडा सरकतच राहतो. हे आम्हा तिघांना पाठ होते. ऐकू मात्र त्यांनाच आले.

मामांनी डोळे मिटले, ते इवलेसे बटण केसभर पुढे, केसभर मागे फिरवत सा जागेवर आणला आणि हात न काढता बराच वेळ ऐकत राहिले. तेवढा वेळ खरेदीचा विषय कुणी काढला नाही.

तुम्ही शेवटी घेतलेले वाद्य, नुसता एक स्वर लावून, असे किती वेळ ऐकले आहे?