गोलाणी मार्केटमागचा रेकॉर्डवाला आणि धरणगावकडची हळद

मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो हे आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो, पण त्या उन्हात रेकॉर्डचं काय होत असेल हा विचार मला गोलाणी मार्केटमागच्या त्या रेकॉर्डच्या दुकानात शिरेपर्यंत कधी शिवलाच नव्हता. एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, शेवटी पीव्हीसी प्लास्टिकचीच. बंद गाडीत काचेखाली राहिली तर तिची बशी होते, आणि आडव्या थप्पीत ठेवली तर खालची वजनानं वाकते. म्हणून या दुकानात सगळ्या रेकॉर्ड उभ्या, दाटीवाटीनं, आणि पश्चिमेच्या भिंतीला एकही नाही कारण दुपारनंतर ती भिंत तापते. कूलर आहे पण त्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे, रेकॉर्डकडे पाठ, कारण कूलरच्या ओलाव्यानं कव्हरांना बुरशी धरते. हे सगळं मला तिथे काम करणाऱ्या भाऊनं सांगितलं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्याला ते आवडणार नाही. दुकान नानांचं आहे, मूळचं रेडिओ रिपेअरिंगचं, मग कॅसेट, आता जुन्या रेकॉर्ड, अँप्लिफायर दुरुस्ती आणि समोरच्या टेबलावर मोबाइलचे कव्हर, कारण भाडं कव्हरांवर निघतं.

जळगावला मी खरं तर अजिंठ्यासाठी गेले होते. अजिंठा पाहिलं, थक्क झाले, त्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. मे महिन्यात जाऊ नका एवढंच सांगते, लेण्यात बरं वाटतं पण बाहेरच्या पायऱ्यांवर जीव नकोसा होतो. येतानाचा स्लीपर डबा मनमाडनंतर असा तापला होता की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता.

तर अजिंठ्याच्या दुसऱ्या दिवशी गोलाणी मार्केटला चार्जर घ्यायला गेले आणि मागच्या गल्लीतून भैरव ऐकू आला. भैरवच, पण खाली ड्रम मशीनचा ठेका आणि एक बुडबुडणारा, वळवळणारा बेस. मी ओळखलं आणि उन्हात तिथेच थांबले. चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा माणूस, ज्यानं 1982 साली रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही, आणि 2010 ला ती रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जगभरचे डीजे चाट पडले, कारण तसला आवाज, ज्याला ॲसिड हाउस म्हणतात, शिकागोतून निघाला तो 1987 च्या सुमारास. आणि हे जळगावात, मोबाइल कव्हरच्या टेबलामागून वाजतंय!

"ताई, आत या ना, ऊन लागेल," असं म्हणून भाऊनं आधी स्टूल दिलं, मग माठातलं पाणी, मग नाव-गाव विचारलं. मला खानदेशची ही पद्धत फार आवडते, आधी पाणी आणि मग चौकशी. आमच्याकडे ठाण्यात कुठल्याही दुकानात आधी "काय पाहिजे" येतं आणि पाणी येतच नाही.

मी लताबाईंच्या रेकॉर्ड कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, कुठेही असतील. म्हणजे? मग त्यानं दाखवलं. रॅक गायकाप्रमाणे नाही, भाषेप्रमाणे नाही, सिनेमा-क्लासिकल-इंग्लिश असंही नाही. रॅक लावलाय गतीप्रमाणे. मिनिटाला किती ठोके, तो आकडा चिठ्ठीवर, चिठ्ठी कव्हराच्या आत (कव्हरावर पेननं लिहिलेलं त्याला अजिबात खपत नाही, आणि बरोबरच आहे). त्यामुळे बोनी एमच्या शेजारी कव्वाली, कव्वालीच्या शेजारी प्रल्हाद शिंदे, त्याला चिकटून नायजेरियाचा फेला कुटी, आणि पलीकडे कुणाच्या तरी लग्नातल्या बँडची घरगुती कॅसेट. नाना या रॅकवरून रोज चिडतात म्हणे, कारण गिऱ्हाइकाला काहीच सापडत नाही. पण सापडत नाही म्हणूनच मी तिथे तीन तास बसले आणि जे घ्यायचं डोक्यात पण नव्हतं ते घेऊन आले.

मी त्याला विचारलं, इतकं वेगवेगळं कसं आवडायला लागलं तुला, घरात कुणी गाणारं होतं का? नव्हतं. आयटीआय करून तो नानांकडे रिपेअरिंगला लागला. अँप्लिफायर दुरुस्त झाला की तपासायला एकच गाणं लावून चालत नाही. वरच्या पट्टीचा स्पीकर नीट वाजतोय का हे बिस्मिल्ला खाँच्या शहनाईवर कळतं, खालचा अल्लारखांच्या तबल्यावर, मधला माणसाच्या बोलण्यावर, त्यासाठी एक कीर्तनाची रेकॉर्ड ठेवलेली. आणि सगळं एकत्र बघायला बोनी एम. वर्षानुवर्षं रोज हीच गाणी, एकामागे एक, दिवसातून कितीदा तरी. "मग शहनाईनंतर डिस्को आला की कानाला काही खटकतच नाही, ताई, उलट नाही आला तर चुकल्यासारखं होतं." मला हे फार पटलं. पुण्या-मुंबईत रेकॉर्ड ऐकायला बोलावणारी मंडळी मी पाहिलीत, तिथे आधी अर्धा तास हे कसं दुर्मिळ आहे ते ऐकावं लागतं आणि लग्नातलं गाणं हा शब्द काढला तरी लोक नाक मुरडतात. इथे नाक मुरडणं नव्हतंच.

दुपारी त्यानं डबा उघडला, कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली, नको म्हणायची सोयच नव्हती. जेवता जेवता 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी कशी पुसायची ते दाखवलं. या लाखेच्या असतात, स्पिरिट लावलं तर लाख विरघळते आणि आवाज कायमचा गेला, म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि लिक्विड साबणाचा एखादा थेंब, बास. सुईसुद्धा वेगळी, कारण 78 ची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद, एलपीची बारीक सुई घातली तर ती तळाशी खरवडत बसते आणि नुसती खरखर ऐकू येते. एवढं करून एका बाजूला गाणं मिळतं तीन मिनिटांचं.

संध्याकाळी धरणगावच्या बाजूला एका गावात हळदीची सुपारी आहे, येता का म्हणाला. हळदीला न बोलावता कसं जायचं असं मी म्हणाले तर नाना मध्येच, "पोरी, खानदेशात हळदीला बोलावनं लागत नाही, जा."

आता डीजे म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे काय येतं तर ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, छातीत बसणारा बेस, आणि घरात कानावर हात धरून बसलेले म्हातारे. या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. आमच्या सोसायटीत एकदा गणपतीला एका मंडळाच्या भिंतीनं शेजारच्या काकांची तब्येत बिघडली होती, ते मी विसरलेले नाही. भाऊच्या छोट्या हत्तीत (टेम्पोत) मागे दोन टॉप, दोन बेस असे चार स्पीकर, एक लॅपटॉप, त्यावरची गाणी चालवायचा कंट्रोलर आणि गोधडीत गुंडाळलेला टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, एवढंच बघून मला जरा हायसं वाटलं. टर्नटेबल जुना टेक्निक्सचा, मुंबईहून मोडका आणून त्यानं स्वतः जुळवलेला. त्याच्या बाजूला एक सरकपट्टी असते, तिनं वेग आठ टक्के वर किंवा खाली नेता येतो. म्हणजे 100 ठोक्यांचं गाणं 92 पासून 108 पर्यंत कुठेही नेऊन दुसऱ्या गाण्याला जोडायचं. रॅकवरच्या चिठ्ठ्यांचं कोडं मला तिथे सुटलं.

रस्त्यात तो ब्राँक्सबद्दल बोलत होता. न्यूयॉर्कमधला तो भाग, 11 ऑगस्ट 1973, मूळचा जमैकाचा कूल हर्क नावाचा पोरगा, त्याच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून बिल्डिंगमधल्याच हॉलमध्ये ठेवलेली पार्टी. हर्कनं पाहिलं होतं की गाणारा थांबून नुसते ड्रम उरतात तेव्हा लोक सगळ्यात जास्त नाचतात, म्हणून तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तेवढाच तुकडा लांबवायचा. हिपहॉपची सुरुवात लोक तिथून धरतात. "घरचंच कार्य होतं ना ते, ताई, बहिणीचं," भाऊ म्हणाला. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा होत्या आणि तो छोटा हत्ती चालवत एका हातानं स्टिअरिंगवर ठेका धरत होता.

गावात पोचल्यावर त्यानं सगळ्यात आधी शेजारी कोण आहे ते विचारलं. मांडवाच्या डाव्या घरात बाळंतीण होती. त्यानं स्पीकर फिरवले, त्या घराकडे पाठ करून गोठ्याच्या भिंतीकडे तोंड. टर्नटेबलखाली शहाबादी फरशी, फरशीखाली स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे, नाहीतर नाचणाऱ्यांच्या पायांनी सुई उडते. मला घरच्या बायकांनी ओढून पंगतीला बसवलं, वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी, तूप थांबा म्हणेपर्यंत नाही तर थांबा म्हटल्यानंतर पण. पोट इतकं भरलं की मला नाचता येईना याचं फार वाईट वाटलं.

मग फर्माइशी सुरू झाल्या, आणि यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलेय. एक पोरगा मोबाइल नाचवत, "हाई गानं लाव ना भो!" दुसरा वेगळंच. रेल्वेतून रिटायर झालेले एक आबा आले, भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे क्लबात, तरुणपणी अँग्लो-इंडियन मित्रांबरोबर नाचायचे, त्यांना इंग्रजी पाहिजे. एका वहिनीला लावणी. दुसरा कुणी असता तर वैतागला असता, मी तर बाजूला उभी राहूनच वैतागले होते. भाऊ प्रत्येकाचा मोबाइल घ्यायचा, हेडफोनला लावून दहा-पंधरा सेकंद डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "लावसू ना भो, थांब जरासं." आणि खरंच लावायचा, एकालाही नाही म्हटलं नाही, फक्त लगेच लावायचा नाही. पोराच्या अहिराणी गाण्यातून नंदुरबारकडच्या रोडाली बँडच्या कीबोर्डवर, तिथून लावणीची ढोलकी, ढोलकी जरा सावकाश करत करत आबांचं इंग्रजी गाणं असं आलं की लावणीवर नाचणाऱ्या बाया थांबल्याच नाहीत, त्याच पावलांनी आबांभोवती नाचत राहिल्या आणि आबा मध्ये टाचा वळवत होते. मला कुठे जोड होता ते कळलंच नाही, आणि मी कान देऊन ऐकत होते.

साडेनऊच्या सुमाराला मांडवाच्या कोपऱ्यात म्हाताऱ्या बायकांनी हळदीचं गाणं धरलं, टाळ्या वाजवत, माईकबिईक काही नाही. पोरं ओरडायला लागली, आवाज वाढव म्हणून. भाऊनं आवाज बंद केला. पूर्ण. पोरं गप्प झाली. मग तो टेबलावर बोटं आपटत त्यांच्या टाळ्या मोजत राहिला, एक कडवं जाऊ दिलं, दुसरं जाऊ दिलं, आणि तिसऱ्याला खालून अगदी हलका एक ढोल आला. तो त्यानं कुठल्यातरी लग्नाच्या कॅसेटवरून स्वतः उतरवून ठेवलेला होता. बायांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा पुढची आजी हसली आणि तिनं गाणं पळवलं! म्हाताऱ्या काही यंत्रासारख्या एका लयीत गात नाहीत, मामाचं नाव आलं की जोरात, आत्याचं आलं की हेल काढून सावकाश, आणि भाऊचं बोट कंट्रोलरवरच्या तशाच सरकपट्टीवर वर-खाली, त्या जातील तिकडे. सगळा मांडव त्या गाण्यावर नाचत होता, पोरं सुद्धा, ज्यांना ते शब्द येत पण नसतील. मी इतके महागडे कार्यक्रम पाहिलेत, तिकीट काढून, रांगेत उभं राहून, डीजेनं असं गाणाऱ्याच्या मागे जाताना मी कुठे पाहिलं नाही.

दहाला दहा मिनिटं असताना त्यानं शेवटचं सांगितलं आणि दहाला बंद केलं. नियम आहेच, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही, पण पाळतो कोण. नवरदेवाचे एक नातेवाईक चांगलेच चढ्या आवाजात बोलले, भिंतवाला रात्री एकपर्यंत वाजवतो, तुला पैसे कशाचे द्यायचे. भाऊ शांतपणे वायरी गुंडाळत होता. पैसे मिळाले पण ठरल्यापेक्षा कमी, आणि मला याचा अजूनही संताप येतो. भिंतवाल्याला याच्या कितीतरी पट देतात, वर जनरेटरचं डिझेल वेगळं. सीझन संपला की पावसाळ्यात याला सुपारीच नसते, नानांच्या पगारावर घर चालतं, आणि त्यातून हा माणूस 300 रुपयांची रेकॉर्ड मला 250 ला देतो कारण कव्हर फाटलंय.

परतीच्या रस्त्यात त्यानं एकच गोष्ट सांगितली, त्या आजीची गाणी त्याला नीट रेकॉर्ड करायची आहेत, ढोलबिल काही न लावता, आधी नुसती. शब्द उतरवून घ्यायला कुणीतरी पाहिजे. मी हो म्हटलंय. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला या म्हणाली आजी, तेव्हा सगळ्या बाया एकत्र असतात. रिझर्व्हेशन केलंय, या वेळी एसीचं. तुमच्या घरी माळ्यावर खानदेशातल्या लग्नाची, बँडची, बायकांच्या गाण्याची कॅसेट पडली असेल तर प्लीज भंगारात देऊ नका, बुरशी आलेली असली तरी चालेल, भाऊ म्हणतो बहुतेक वेळा टेप वाचते. मला कळवा, मी जाताना घेऊन जाईन.