अलास्का क्रूझ: जहाज नंतर बघा, आधी वेळापत्रक वाचा

सिएटलच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात आई-बाबा यायचे ठरले की यलोस्टोन की अलास्का, ही चर्चा होतेच. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी माझं मत सरळ अलास्का क्रूझला. सामान एकदा कपाटात लावलं की आठवडाभर बघायला नको, रोज नवं हॉटेल नाही, आणि दमलं की खोली दोन मजल्यांवर. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन जूनमध्ये सिएटल ते सिएटल अशी सात रात्रींची क्रूझ केली. परतल्यापासून प्रत्येक जण विचारतो, "जहाज कुठलं घेतलंत?" खरं सांगायचं तर अलास्काला जहाज हा दुय्यम मुद्दा आहे. पोहण्याचे तलाव, नाटकं, चोवीस तास पिझ्झा हे थोड्याफार फरकाने सगळीकडे असतं. ते जहाज कुठल्या हिमनदीपाशी जातं, कुठल्या गावात किती वाजता लागतं आणि किती वाजता निघतं, यावर सहल ठरते.

त्यामुळे बुकिंगच्या पानावरची घसरगुंड्यांची चित्रं ओलांडून खाली या आणि वेळांचा तक्ता वाचा. अलास्कातल्या जुनो गावाला दुपारी दीडला पोचून रात्री दहाला निघणारं जहाज आणि सकाळी सातला पोचून दुपारी दीडला निघणारं जहाज, दोघांच्या जाहिरातीत 'जुनो' असंच लिहिलेलं असतं. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे पहिलं बिनधास्त घ्यावं. दुसऱ्यात ज्येष्ठांना घेऊन हिमनदी आणि देवमासे दोन्ही उरकायचे म्हणजे नुसती पळापळ.

तक्त्यातली दुसरी ओळ हिमनदीची. शक्य असेल तर ग्लेशियर बे असलेलीच क्रूझ घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठी क्रूझ जहाजं सोडतात. परवाने मोजक्याच कंपन्यांकडे आहेत, म्हणून बाकीची जहाजं एंडिकॉट आर्म खाडीकडे किंवा हबर्ड हिमनदीकडे जातात. ती ठिकाणंही वाईट नाहीत, पण ग्लेशियर बेत जवळजवळ पूर्ण दिवस मिळतो.

तिसरी ओळ व्हिक्टोरियाची, आणि आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. सिएटलहून निघणारी जवळपास सगळी मोठी जहाजं परदेशी झेंड्याखाली चालतात. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे अशा जहाजाला फक्त अमेरिकेतल्याच बंदरांना जाऊन परत येता येत नाही, मध्ये एक परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून शेवटच्या संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया. म्हणजेच भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना कॅनडाचा व्हिजा हवा. 'आम्ही तिथे उतरणारच नाही' हे कारण सहसा चालत नाही, जहाजावर चढतानाच व्हिजा बघतात. अमेरिकेचा व्हिजाही एकापेक्षा जास्त प्रवेशांचा असायला हवा. ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडाचा वेगळा व्हिजा लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा. एच-वन या नोकरीच्या व्हिजावर असाल आणि पासपोर्टवरचा त्याचा शिक्का संपलेला असेल तर बुकिंगच्या आधी कंपनीच्या वकिलाला विचारा. कॅनडाच्या व्हिजाला वेळ लागतो, त्यामुळे आई-बाबांचं विमानाचं तिकीट काढलं की लगेच त्यामागे लागावं.

सिएटलला क्रूझचे धक्के दोन आहेत, पिअर ६६ आणि पिअर ९१. दोघांत काही मैलांचं अंतर आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ टर्मिनल' सांगू नका.

चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात आणि त्या खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते. औषधं, चष्मा, कागदपत्रं, एक स्वेटर हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, छोटी शेगडी घेऊन जाऊ नका, तपासणीत काढून ठेवतात. चहाची काळजी नको, बुफेत गरम पाणी नेहमी असतं. आम्ही मसाल्याच्या चहाची पाकिटं आणि आलं घातलेला गूळ नेला होता, तेवढ्यावर बाबांची सकाळ साजरी झाली. चिवडा, खाकरे बंद पाकिटात न्यावेत. मात्र फळं आणि बुफेतलं अन्न घेऊन बंदरावर उतरायचं नाही.

खोली कुठली घ्यावी यावर खूप वाचायला मिळतं. मी ज्येष्ठांसाठी बाल्कनी आणि आपल्यासाठी आतली बिनखिडकीची, या मताची आहे. आई-बाबा पांघरूण गुंडाळून बाल्कनीत तासन्‌तास बसतात. आपण तरुण मंडळी वरच्या उघड्या डेकवर असतो, कारण देवमासा डावीकडे येणार की उजवीकडे हे तो सांगून येत नाही. डावी बाजू की उजवी, यासाठी जादा पैसे मोजू नका. हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी वळतं आणि दोन्ही बाजूंना सारखं दिसतं. बोट लागत असेल त्यांनी मात्र खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली घ्यावी. सिएटलची जहाजं बहुतेक वेळा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या समुद्रातून जातात आणि तिथे जहाज हलतं. गोळी डॉक्टरांना विचारून आणि मळमळायला लागायच्या आधी घ्यायची. बेटांच्या आडोशाने संथ पाण्यातून जायचं असेल तर व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं बघा, पण मग येण्याजाण्याचा खटाटोप वाढतो.

जेवणाचं सांगते. शाकाहारी असल्याचं बुकिंगच्या वेळीच कळवा आणि पहिल्या रात्री मोठ्या डायनिंग हॉलमधल्या मुख्य वाढप्याला समक्ष भेटा. बुफेत शाकाहारी म्हणजे बऱ्याचदा पास्ता आणि उकडलेल्या भाज्या, तर हॉलमध्ये आदल्या रात्री सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशी भारतीय भाजी-डाळ करून देतात. या जहाजांवर गोव्याचे लोक पुष्कळ. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्या माणसाला तारवटी म्हणतात आणि कित्येक घरांत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आमच्या टेबलावरचा मुलगा सासष्टीचा होता. आईंनी त्याच्याशी मालवणी वळणाची मराठी सुरू केली आणि तिसऱ्या दिवसापासून तो आमच्याशी कोंकणीतच बोलायला लागला. रोज रात्री मेनूकार्ड मिटून विचारायचा, "आई, फाल्यां कितें जाय?" आणि आई उद्याची भाजी ठरवायच्या. असे संबंध जमले की मुख्य वाढपीही लक्ष ठेवतो. टीपचं म्हणाल तर माणशी दिवसाला पंधरा-वीस डॉलर आपोआप बिलात लागतात, ते तिकिटाच्या हिशोबात आधीच धरा. दारूची आणि इंटरनेटची पॅकेजं घ्यायचीच असतील तर निघण्याआधी घ्या, जहाजावर ती महाग पडतात.

फोन जहाजावर पाऊल ठेवताच एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाचं मोबाइल नेटवर्क पकडतो आणि बिल बघून चक्कर येते. घड्याळाचाही घोळ असतो. अलास्काची वेळ सिएटलपेक्षा एक तास मागे, जहाज ती रात्रीत बदलतं, आणि एअरप्लेन मोडवरचा फोन जुनीच वेळ दाखवत राहतो. परत चढायची वेळ ही नेहमी जहाजाच्या घड्याळाची असते. जहाजाकडून घेतलेली सहल लांबली तर जहाज थांबतं. बाहेरून स्वस्तात घेतलेली लांबली तर थांबत नाही. आम्ही दोन्ही केलं. गाव लहान आणि सहल धक्क्याच्या जवळ असेल तर बाहेरची, लांबची असेल तर जहाजाची.

केचिकन गावात पाऊस धरूनच चाला. वर्षाला सुमारे १५० इंच पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथला बारा महिने पिरपिरतो. छत्रीपेक्षा टोपीवालं रेनकोट जॅकेट बरं, वारा छत्री उलटवतो. क्रीक स्ट्रीटवरची खांबांवर उभी लाकडी घरं आणि लिंगिट या मूळ रहिवाशांचे कोरीव टोटेम खांब एवढं निवांत बघा. जुलैनंतर गेलात तर ओढ्यात उलट्या प्रवाहाने चढणारे सॅमन दिसतात, जूनमध्ये क्वचितच. बंदरापाशी हिऱ्यांची आणि घड्याळांची दुकानं रांगेने आहेत. जहाजावर जाहिरात त्यांचीच चालते आणि ती मला तरी वेळेचा अपव्यय वाटली. आठवण म्हणून काही घ्यायचंच असेल तर 'सिल्व्हर हँड' हे चिन्ह शोधा. ते चिन्ह म्हणजे वस्तू अलास्कातल्या मूळ रहिवासी कारागिराने केलेली आहे.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे एकही रस्ता येत नाही, बोट किंवा विमान. मेंडेनहॉल हिमनदी बंदरापासून साधारण बारा-तेरा मैलांवर आहे. तिथे नगेट फॉल्स धबधब्यापर्यंतची पायवाट जाऊन-येऊन दोन मैलांची आणि बहुतेक सपाट, त्यामुळे बाबा काठी टेकत आरामात पोचले. देवमाशांच्या बोटी ऑके बेमधून सुटतात. हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात हवाईला असतात आणि उन्हाळ्यात इथे खायला येतात, म्हणून जून ते ऑगस्ट भरवसा चांगला. छोटी बोट घ्या, मोठ्या बोटीत कठड्यापाशी तीन रांगा होतात.

स्कॅगवे गावात व्हाइट पास रेल्वेचे पैसे वसूल होतात. सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली ही तीन फूट रुंदीची रेल्वे वीस मैलांत जवळपास तीन हजार फूट चढते. माथेरानची गाडी आवडणाऱ्याला वेगळं पटवायला नकोच. चढताना डाव्या बाजूला बसा. परतताना माणसं बाजू बदलतात, म्हणून भांडण नाही. डब्यांमधल्या उघड्या गच्चीवर उभं राहता येतं, फक्त हातमोजे घाला, लोखंडी कठडा बर्फासारखा असतो.

आणि ग्लेशियर बेचा दिवस. त्या दिवशी सकाळी काहीही ठरवू नका, मसाज नाही, ब्रंच नाही. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चालत्या जहाजाला लावलेल्या दोराच्या शिडीने वर चढतात. तो प्रकार पाहायला खालच्या डेकवर जायला हवं, हे फार जणांना माहीत नसतं. मग दिवसभर ते भोंग्यावरून माहिती देतात. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या माणसांनी पाहिलं तेव्हा इथे खाडी जवळपास नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज जहाज त्याच जागेवरून साठ-पासष्ट मैल आत जातं. पाणी हळूहळू दुधाळ करडं होतं, हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे. मग मार्जरी हिमनदी, सुमारे मैलभर रुंद आणि पाण्यावर अडीचशे फूट उंच.

इथे जहाज तासभर थांबतं. कॅमेऱ्याच्या मागे पूर्ण तास घालवू नका. थोडा वेळ नुसतं कान देऊन उभे राहा. आधी आतून बंदुकीच्या बारासारखे आवाज येतात, पण तिथे काही दिसत नाही. मग कुठेतरी मुठीएवढा वाटणारा तुकडा सुटतो, पाणी उसळतं, आणि क्षणभर थांबून गडगडाट पोचतो. तुकडा घराएवढा होता हे तेव्हा कळतं. जिथून बर्फ नुकताच तुटलाय तिथली भिंत गर्द निळी असते, शाईसारखी. आमच्या जहाजावर डेकवर गरम वाटाण्याचं सूप वाटत होते. आई एका हातात सूप घेऊन, माकडटोपी आणि शालीत गुरफटून उभ्या होत्या आणि शेजारचा अमेरिकन गृहस्थ ती टोपी कुठे मिळते ते विचारत होता. थट्टा नाही, माकडटोपी न्याच. जूनमध्येही हिमनदीवरून येणारा वारा कानात घुसतो. जाड एका कोटापेक्षा तीन-चार थर बरे, आठ पटींची एक दुर्बीणही न्या. तरंगत्या बर्फावर पहुडलेले सील तिच्याशिवाय नुसते ठिपके.

व्हिक्टोरियाला बहुतेक जहाजं संध्याकाळी लागतात. बुचार्ट गार्डनला जाऊन यायला वेळ कमी पडतो. त्यापेक्षा चालत किंवा बसने इनर हार्बरला जा, हजारो दिव्यांनी उजळलेली विधानसभेची इमारत बघा आणि परत या.

त्याच रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे, बूट आणि औषधं आधी बाजूला काढा, कारण दरवर्षी कोणीतरी पायजम्यात उतरतंच. उतरायचे गट रंगांच्या चिठ्ठ्यांवर ठरतात. ज्येष्ठ बरोबर असतील तर उशिराचा गट मागून घ्या, नाश्ता शांतपणे होतो. विमान असेल तर दुपारी एकनंतरचं धरा, सकाळी धक्क्यावरची टॅक्सीची रांग लांब असते.