व्हेंजन्स 1/72 : पंख बसले, आता ब्रेकचं काम

मंडळी, व्हल्टी व्हेंजन्स या दुसऱ्या महायुद्धातल्या डाइव्ह बॉम्बरच्या (सूर मारत बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या) 1/72, म्हणजे 72 पट लहान मॉडेलचं काम या आठवड्यात चांगलं पुढे सरकलं. फ्यूजलाज (विमानाचं धड) बंद झालं, पंख चिकटले, सांध्यांवर पुट्टी भरून सँडिंगही उरकलं.

पंखांना सगळ्यात जास्त वेळ दिला. हे विमान सरळ खाली, अगदी 90 अंशांत सूर मारता यावा म्हणून बनवलं होतं. त्यासाठी सुरुवातीच्या मार्कमध्ये (आवृत्त्यांमध्ये) पंख फ्यूजलाजला शून्य अंशात बसवले. सुरात त्यामुळे विमान नेम सोडत नसे, पण सपाट उडताना नाक वर काढूनच चालायचं आणि पायलटला पुढचं धड दिसत नसे. मार्क 4 मध्ये हा कोन वाढवला. म्हणून पंख किंचित जरी तिरके लागले, तर मॉडेल दुसऱ्याच मार्कचं दिसतं. गोंद सुकेपर्यंत जिग (पंख जागेवर धरणारा साचा) काढली नाही.

मी आपल्या 7 नंबर स्क्वाड्रनचं विमान करतोय. 7 आणि 8 या भारतीय हवाई दलाच्या दोन स्क्वाड्रन व्हेंजन्सवर लढल्या. तोवर डाइव्ह बॉम्बर हा प्रकारच कालबाह्य ठरला होता. फायटरसमोर त्याचा टिकाव लागत नाही, हे 1940 मध्ये ब्रिटनवर आलेल्या स्टुकांच्या (जर्मन डाइव्ह बॉम्बरच्या) हालांवरून दिसलं होतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मात्र याच विमानाची गरज होती. जपान्यांचे बंकर जंगलात, डोंगरधारेवर, मातीत गाडलेले. उंचावरून सपाट उडत टाकलेला बॉम्ब तिथे नेमका लागणं कठीण. व्हेंजन्स थेट डोक्यावरून खाली यायचं. 8 नंबरने डिसेंबर 1943 पासून चितगावकडून आराकानात (ब्रह्मदेशाच्या किनारपट्टीत) हल्ले केले. 7 नंबर हेम चौधरींच्या नेतृत्वाखाली मार्च 1944 मध्ये सिल्चरजवळच्या उदरबंदला आली आणि इंफाळच्या लढाईत उतरली. इंजिन तेल पीत असे, तापत असे. तरी वैमानिकांनी आणि मेकॅनिकनी या विमानाकडून जे काम करून घेतलं, त्याला माझ्या लेखी तोड नाही. त्याच वर्षी ही विमानं परत घेतली. 7 नंबरला हरिकेन मिळाली, 8 नंबरला स्पिटफायर.

आता डाइव्ह ब्रेक, म्हणजे सुरात विमानाचा वेग आवरणारे ब्रेक. पंखाच्या वर आणि खाली उघडणाऱ्या या जाळ्या किटमध्ये जाड प्लास्टिकच्या आहेत, त्यातून आरपार दिसतच नाही. फोटो-एच (रसायनाने कोरलेल्या पातळ धातूच्या) पट्ट्या कापून नव्याने करतोय. मॉडेल सुरातच उभं करायचंय, त्यामुळे ब्रेक पूर्ण उघडे हवेत.

डिकलबद्दल (मॉडेलवर चिकटवायच्या खुणांबद्दल) एक सांगतो: राउंडलमध्ये (हवाई दलाच्या गोल चिन्हात) लाल अजिबात नको. जपानी लाल गोळ्याशी गफलत होऊ नये म्हणून या आघाडीवर तो काढून टाकला होता. गडद निळ्यात फिकट निळा, आकारही लहान. किटमधले लाल ठिपक्याचे राउंडल बाजूला ठेवलेत; मास्क (स्टेन्सिल) कापून एअरब्रशनेच रंगवणार. त्याआधी प्रायमर.