टेलिफोनचा दाखला

२०२४च्या लोकसभेला आमच्या आमदारसाहेबांचे कागद मीच केले. विधानसभेचे तिन्ही अर्ज माझ्याच हातचे, त्यामुळे जरा गाफील होतो, हे कबूल.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी ३ पर्यंत. सहा विधानसभा मतदारसंघांतून गाड्या भरभरून माणसं आलेली. ढोल, गुलाल, ‘दिल्ली, दिल्ली’च्या घोषणा. पण हे सगळं १०० मीटरच्या पलीकडे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात उमेदवार धरून पाचच जण. पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचा एबी फॉर्म होता, अनामतीचे २५ हजार होते. बाहेरच्या बाकावर मी नमुना २६चं, म्हणजे उमेदवाराच्या मालमत्ता, थकबाकी, गुन्ह्यांच्या माहितीचं शपथपत्र पुन्हा चाळत होतो आणि सरकारी निवासस्थानाच्या रकान्यापाशी पोटात गोळा आला.

साहेब मंत्री असताना मुंबईत सरकारी बंगल्यात राहिलेले. गेल्या दहा वर्षांत सरकारी घर वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन, चारही थकबाक्या नसल्याचे दाखले जोडावे लागतात, आणि तेही ताजे. टेलिफोनचा दाखला २०१९चा निघाला! बंगला सोडण्याच्याही आधीचा. मागच्या फाइलमधून मीच उचलून लावलेला.

पीए म्हणाला, नवा आणलाय, पण गाडीत राहिला. गाडी मिरवणुकीत अडकलेली. एका पोराला पळवलं. दोन वाजून पाच मिनिटं.

तेवढ्यात साहेब माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “वकीलसाहेब, पडलो तर आमदारकी राहते ना?”

आठवड्यात तिसऱ्यांदा विचारत होते.

“राहते. निवडून आलात तरच सोडायची. निकाल राजपत्रात आल्यापासून १४ दिवसांत राजीनामा दिला नाही, तर उलट खासदारकी जाते.”

“मंत्रालयात लिफ्टवालासुद्धा नावानं ओळखतो हो मला. दिल्लीत कोण विचारतंय?” मग बाहेरच्या घोषणा ऐकत गप्प बसले. तिकीट त्यांनी मागितलं होतं की गळ्यात पडलं होतं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

दोन चाळीसला पोरगं आलं. दाखला घामानं ओला, शिक्का मात्र शाबूत. अर्ज दाखल झाला. बाहेर येताच साहेबांनी दोन बोटं उंचावली, गर्दी वेडी झाली.

४ जूनला साहेब पडले. रात्री मी सांत्वनाला फोन केला, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, “परवा मंत्रालयात आहे मी. तुमची ती अडकलेली फाइल घेऊन या.”

आवाज चांगलाच मोकळा होता.