शहादा ते प्रकाशा: मैया दिसत नाही तो दिवस

नर्मदेच्या दक्षिण तटाने चालणारा परिक्रमावासी खेतिया ओलांडून खान्देशात उतरतो, तेव्हा नर्मदामैया सातपुड्यापलीकडे, चाळीस किलोमीटरांहूनही लांब राहिलेली असते. काठाकाठाची जुनी पायवाट सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. धडगावकडून डोंगरातली वाट आहे, पण बरेच जण खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे डांबरी रस्त्याने सागबाऱ्याकडे निघतात. मैया उजव्या हाताला हवी, हा नियम इथेही मोडत नाही. उजवीकडे सातपुड्याची निळी रेघ दिवसभर सोबत असते आणि मैया तिच्या पलीकडे.

‘हा काय, नुसता रस्ता’ म्हणून या टप्प्याकडे दुर्लक्ष होतं. माझ्या मते डोंगरापेक्षा इथेच जास्त पाय निकामी होतात. डोंगरात प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. सपाट डांबरावर तेच पाऊल, त्याच जागी, हजारो वेळा पडतं. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. सतत एकाच कडेने चाललं की एक पाय खाली, एक वर राहतो, आणि तिसऱ्या दिवशी घोटा किंवा गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते. साईडपट्टीची माती टणक असेल तिथे डांबर सोडून मातीवरूनच चालावं.

शहादा ते प्रकाशा साधारण पंधरा किलोमीटर. पाठीवर ओझं घेऊन तासाला चार किलोमीटर धरले, तर थांबे मिळून साडेचार-पाच तास. मार्गशीर्षातल्या पहाटे शाल लागते, अकराला घाम फुटतो. तरी अंधारात निघू नये. हा उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या कारखान्याकडे चाललेल्या असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि उसाची टोकं बाजूला हातभर बाहेर आलेली असतात. चांगलं उजाडल्यावर निघावं. रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. वळणावर ट्रॉली आली की सरळ खाली उतरून उभं राहावं. आणि शौचाला उसात शिरू नये. या पट्ट्यात, विशेषतः तळोद्याकडे, उसात बिबट्याचा वावर आहे.

पाठीवरचं ओझं सहा-सात किलोंच्या वर नको. दोन जोड कपडे, एक पांघरूण, ताट-वाटी, औषधं, कागदपत्रं, मैयाच्या जलाची कुपी. मैया लांब असल्याने इथे कुपीचं पाणी काही दिवस बदलता येत नाही, म्हणून झाकण घट्ट असल्याची खात्री करून ती कापडात गुंडाळावी आणि पिशवीत उभीच ठेवावी. पिण्याचं पाणी लिटरभर पुरे.

दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपई, मधूनच वेचणीला आलेला कापूस. वस्तीवरून ‘नर्मदे हर, चहा घ्या मैया’ अशी हाक येते. नाही म्हणवत नाही, म्हणूही नये. पण अर्धाच कप सांगावा. रिकाम्या पोटी चार-पाच चहा झाले की जळजळ सुरू होते आणि जेवण जात नाही. दुपारी ताटात कळण्याची भाकरी, ठेचा, तेलाची तर्री आलेली शेवभाजी असेल, तर भाकरी घ्यावी आणि सोबत साधं वरण मागावं. घरातली माउली राग मानत नाही.

डामरखेड्याजवळ गोमाई नदीचा पूल लागतो. पुलावर बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून मागचं-पुढचं मोठं वाहन जाऊ द्यावं आणि मगच, एकामागे एक, न रेंगाळता पलीकडे जावं.

पायात कुठे चुरचुरलं की तिथेच बसावं, प्रकाशा किती राहिलं ते मोजू नये. फोड घामाने, उष्णतेने आणि घासण्याने येतो. चुरचुरतंय तोवर पाय कोरडा करून कापडी चिकटपट्टी लावली, मोजे बदलले, तर फोड बहुधा टळतो. सुईने दोरा ओवून फोडात ठेवायचा उपाय बरेच जण सांगतात. तो करू नये. दोऱ्यावाटे घाण आत जाते आणि पाय पिकतो. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा हवा, कारण दुपारपर्यंत पाऊल सुजतं.

प्रकाशाला तापीचं दर्शन होतं. मुलताईला उगम पावून तीही मैयासारखीच पश्चिमेला वाहते. गोमाईचा संगम, केदारेश्वराचं मंदिर, त्यामुळे गावाला दक्षिण काशी म्हणतात. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, उत्खनन केलं, तेव्हा तळाशी ताम्रपाषाण युगातली वस्ती सापडली. गाव नदीकाठी किती जुनं आहे, ते मनात ठेवून घाट उतरावा. बॅरेजमुळे पाणी तुंबलेलं आणि खोल आहे; पायरी न सोडता, लोट्यानेच स्नान करावं.

त्याच दिवशी तळोदा गाठायची घाई नको. इथेच आसन लावावं, म्हणजे मुक्कामाचं अंथरूण टाकावं, पाय भिंतीला टेकवून पंधरा मिनिटं वर ठेवावेत. धुतलेले मोजे मात्र घाटावर वाळत घालू नयेत. नदीकाठी रात्रभर दव पडतं, पहाटे ते ओलेच मिळतात. छपराखाली, उशाशी दोरी बांधून टाकावेत.