आईच्या ॲन्जिओप्लास्टीनंतर मेडिक्लेम मिळवताना – माझा अनुभव

आईचं वय ६४, हृदयात स्टेंट आहेत आणि शुगर पण आहे. मी नोकरीत होतो तोवर ती ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये होती, तिथे जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होते. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तसं ते कव्हर गेलं आणि मग शोधाशोध सुरू झाली.

साध्या पॉलिसीसाठी जिथे जिथे अर्ज केला तिथून नकारच आला, आणि तोही बऱ्याचदा फोनवर. एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला असलेली ६५ ची वयोमर्यादा काढलीये, जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड (म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ) ४ वर्षांवरून जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणलाय, हे सगळं खरं आहे पण म्हणून कंपनीला प्रत्येकाला हो म्हणावंच लागतं असं नाही. मी मात्र नकाराचं कारण लेखी मागत राहिलो, कारण त्यातून नेमकं अडतंय कुठे ते कळतं. आमचं स्टेंटवर अडत होतं, शुगरवर नाही.

एका एजंटने सरळ सांगितलं, फॉर्ममध्ये स्टेंटचं लिहूच नका, ५ वर्षं काढा, मग कंपनी काही करू शकत नाही. हे ऐकून खूप राग आला. ६० महिन्यांनंतर माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही हा नियम आहे, पण फसवणूक सिद्ध झाली तर तो नियम लागू होत नाही, आणि त्या ५ वर्षांत आईला परत ॲडमिट करावं लागलं तर? हप्ते भरायचे आणि ऐन वेळी हातात काहीच नाही. प्लीज कुणीही असलं करू नका.

शेवटी मार्ग निघाला तो हृदयविकार असलेल्यांसाठीच्या खास पॉलिसीतून. ॲन्जिओप्लास्टी झालेल्यांनाही घेतात, पण को-पे आहे म्हणजे बिलाचा काही हिस्सा आपणच भरायचा, आणि प्रीमियम जबर. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला तेवढाच आधार. डिस्चार्ज समरी, ॲन्जिओग्राफीचा रिपोर्ट, चालू गोळ्या, सगळं फॉर्मसोबत जोडलं.

त्याच्या जोडीला राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. खूप जणांना अजून वाटतं की ती फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांची आहे, तसं राहिलेलं नाही, पांढरं कार्डवालेही त्यात आलेत आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. फक्त हॉस्पिटल योजनेतलं हवं आणि उपचार त्यांच्या यादीतला हवा, ते तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा मदतनीस) आधीच विचारून ठेवा.

बाबा ७२ चे, त्यांचं काम सगळ्यात सोपं झालं. ७० आणि त्यापुढच्यांना उत्पन्न न बघता केंद्र सरकारच्या मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, आधारवर केवायसी झालं की झालं, आणि जुन्या आजारांना वेटिंग नाही.

आईची पॉलिसी हातात आल्यावर पहिल्यांदा काय बघितलं असेल तर तिचे सगळे आजार त्यात नीट नोंदवलेत का. तुम्हीही बघा, काही राहिलं असेल तर लगेच लेखी कळवा, आणि अटी पटल्या नाहीत तर पॉलिसी परत करायला ३० दिवस मिळतात.